स्पंजचा तुकडा आणि बोटाची साक्ष

जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्टीला स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाही, हे धातू तासणाऱ्या मिलिंग मशीनवर काम करणाऱ्या कुणालाही पहिल्याच आठवड्यात कळतं. काम घट्ट धरणाऱ्या व्हाइसच्या दोन जबड्यांलगत अशा दोन पट्ट्या उभ्या ठेवायच्या. त्यांना पॅरलल म्हणतात. त्यांवर वरून तासायची प्लेट टेकवायची आणि जबडे आवळायचे. प्लेट काढली रे काढली की दोन्ही पट्ट्या झिंगल्यासारख्या आडव्या. वहिनींनी यावर अकरा वर्षांपूर्वीच उपाय शोधला होता: दोन पट्ट्यांच्या मध्ये भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा दाबून बसवायचा.

वहिनी मुळात तपासनिसाच्या वहिनी. धाकटा दीर त्याच वर्कशॉपमध्ये तपासणीच्या टेबलावर बसे. त्याच्या तोंडून हे नातं सगळ्यांनीच उचललं होतं.

कामाच्या पद्धती सुधारायला नेमलेल्या सुधारणासाहेबांनी यंत्रावर हात काळे केले नव्हते. परंतु यंत्रांविषयीचं त्यांचं वाचन दांडगं होतं, आणि अज्ञानाला ग्रंथाचा आधार मिळाला की त्याचं परिपत्रक व्हायला वेळ लागत नाही. 'व्हाइसमधील अनधिकृत पदार्थ' या मथळ्याखाली स्पंजवर बंदी आली. त्याजागी क्रमांक घातलेल्या डबीतून चार चुंबकं आली. पट्टीच्या आतल्या अंगाला ती लावली, की पट्टी जबड्याला चिकटून बसे. त्यानंतर वहिनींचे दोन लॉट परत आले. दर प्लेटची एक कड चार शतांश मिलिमीटरने जाड. तिसरा परत आला, तर नियमाप्रमाणे मशीन जाणार आणि पॅकिंगचं टेबल मिळणार. त्या कागदावर सही दिराचीच लागणार होती.

तिसऱ्या लॉटमध्ये आठ प्लेटी होत्या. पहिली वहिनींनी आदेशाबरहुकूम चुंबकांवर बसवली, नायलॉनच्या हातोड्याने ठोकली आणि सवयीने पट्टी बोटाने सरकवून पाहिली. पट्टी हलली, तर प्लेट नीट टेकलेली नाही, हे बोट सांगतं. पट्टी हलली नाही. वहिनी थबकल्या. गेले पंधरा दिवस ती एकदाही हललेली नव्हती.

त्यांनी प्लेट काढली, पट्टी उलटी केली. खालच्या कडेला लोखंडी किसाची बारीक दाढी फुटली होती. पुसली, तरी खुंट राहिलेच. पट्टीतच चुंबकत्व उतरलं होतं; किसावर ती उचलली जाई आणि प्लेट तिरकी बसे.

त्यांनी चुंबकं डबीत ठेवली, कपाटातली चुंबक न लागलेली जुनी जोडी काढली आणि डब्याच्या पिशवीतून स्पंज.

दुपारी दिराने आठही प्लेटी मापल्या. सगळ्या मापात. मग पेन थांबलं.

"वहिनी, 'पद्धत' या रकान्यात काय लिहू? चुंबक लिहिलं तर तुम्ही सुटलात."

"आणि उरलेल्या पाच मशीनवर तीच डबी जाईल. स्पंज लिहा."

"बरं. घरातला स्पंज दर आठवड्याला निम्माच का असतो, ते आज कळलं. तुमची जाऊ माझ्यावर संशय घेते."

रकान्यातला 'स्पंज' वाचून सुधारणासाहेब आले ते परिपत्रक घेऊनच. वहिनींनी जुन्या पट्ट्या बाजूला ठेवून किसाळलेली जोडी चुंबकांसह बसवली, वर प्लेट आवळली.

"साहेब, बोट लावून बघा. हलते का?"

"अजिबात नाही. म्हणजे प्लेट पक्की बसली."

वहिनींनी सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद प्लेटच्या एका कडेखाली सारला. तो सरळ आत गेला.

"स्पंज पट्टीला नुसतं उभं करतो," त्या म्हणाल्या. "चुंबक तिला बोलूच देत नाही."

साहेबांनी कागद ओढून उलटसुलट पाहिला. "हा कागद मान्य साधनांच्या यादीत आहे का?"

दीर खोकला.

लॉट मापात होता, त्यामुळे मशीन काढून घेण्याचं कलम लागू होईना. निषिद्ध पदार्थ वापरल्याबद्दल लेखी ताकीद मात्र मिळाली. वहिनींनी ती पूर्ण वाचली, एका ठिकाणी आकडा चुकला होता तो दाखवला आणि सही केली. पुरावा म्हणून साहेबांनी स्पंज पाकिटात घालून नेला.

वहिनींनी पिशवीतून उरलेला निम्मा काढला, कात्रीने कड सरळ केली आणि नवव्या प्लेटसाठी, म्हणजे पुढच्या लॉटच्या पहिल्या प्लेटसाठी, तो पट्ट्यांमध्ये बसवला. ठोकून झाल्यावर बोट लावलं. डावी पट्टी किंचित सरकली. त्यांनी जबडे सैल केले, खाली पुसलं आणि पुन्हा ठोकलं.