पाण्यात उभी राहिलेली माणसं

सुमतीताईंनी झांजा पिशवीत टाकल्या तेव्हा त्या वाजल्यासुद्धा नाहीत. आत शाल होती, तिच्या घडीत जाऊन गप्प बसल्या. समोर बुरुजाच्या पायऱ्यांवर मुलांची धांदल उडाली होती. कुणाची टोपी राहिली होती, कुणाला आत्ताच लघवीला जायचं होतं, आणि खाली खाडीच्या रस्त्यावर बसवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता.

"ताई, सॉरी हां, खरंच सॉरी," मेघना म्हणाली. सहलीची सगळी जमवाजमव हीच बघायची. डोंबिवलीच्या मानपाड्याकडच्या शाळेतून मुलं आणायची, सकाळी त्यांना बाळकुमच्या पुढे खाडीकाठच्या ह्या पडक्या बुरुजावर लढाईची गोष्ट ऐकवायची, आणि मग वर येऊरच्या जंगलात न्यायचं. "येऊरला उशीर झाला तर गेटवर अडवतात. बाकीची स्टोरी मी बसमध्ये सांगते ना त्यांना."

"तुला येते?"

"शेवट माहितीये. आपण जिंकतो."

सुमतीताई हसल्या. न हसून करणार काय! बस गेली, धूळ बसली, आणि बुरुजावर एकदम इतकं शांत झालं की खाडीतल्या बगळ्याने पंख झाडले तेही ऐकू आलं. त्या पायरीवर बसल्या. गुडघे ठणकत होते, घसा सकाळपासून खरखरत होता. पहाटे ठाकुर्लीच्या घरून निघतानाच त्यांनी देवाला हात जोडून सांगितलं होतं, आजचं एवढं पार पाड, मग मी मोकळी आणि तूही मोकळा.

कारण आजची तुकडी शेवटची होती. पुढच्या वर्षीपासून बुरूज सहलीतून गळणार होता. जंगल राहणार होतं, बुरुजाच्या जागी दोरीवरून घसरायचा कुठलासा खेळ येणार होता. मेघनानेच फोनवर सांगितलं होतं, तेही रडवेल्या आवाजात, म्हणून सुमतीताईंनी उलट तिचीच समजूत घातली होती. मनातून त्यांना बरंसुद्धा वाटलं होतं. थकल्या होत्या त्या. तोच बुरूज, तेच ऊन, "ह्याचे मार्क आहेत का?" हा तोच प्रश्न. पुरे झालं.

पण गोष्ट अर्धी राहिली होती.

सुमतीताईंचे वडील कीर्तनकार. लहानपणी त्या परकर सावरून झांजा घेऊन त्यांच्या मागे उभ्या राहत. गावोगावच्या देवळांत त्यांनी वडिलांना तापाने फणफणलेलं असतानाही उभं राहिलेलं पाहिलं होतं, मांडव उडायला लागला तरी उभं राहिलेलं पाहिलं होतं. एकदा आख्यान लावलं की त्यातलं माणूस न् माणूस मुक्कामाला पोचवायचं आणि मगच खाली बसायचं, हा त्यांचा नेम. "अगं, आपण त्यांना घराबाहेर काढलंय," ते म्हणायचे, "आता त्यांची जबाबदारी आपल्यावर." सुमतीताईंनी बुरुजावरची लढाई त्याच घाटात बसवली होती. आधी थोडं निरूपण, मग आख्यान, मध्ये मुलांनी गजर करायचा. आणि सगळं संपलं की प्रसाद म्हणून प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर खडेमीठ. खाडीचं मीठ. मुलं ते चाटून तोंडं वेडीवाकडी करायची आणि तेवढ्यात सगळी लढाई त्यांच्या जिभेवर जायची.

मिठाची डबी आज उघडलीच नव्हती.

आणि थांबल्या कुठे होत्या त्या? बुरुजावर फिरंगी. पहाटेची वेळ, ओहोटी लागलेली, आपली होडकी चिखलात रुतलेली. तेव्हा मिठागरावरचा एक गडी पुढे होतो, हातात लांब काठी घेतो आणि चिखल चाचपत वाट दाखवायला लागतो. त्याच्यामागे एकमेकांचे हात धरून सगळी फौज. अर्ध्या वाटेत भरती लागते. पाणी घोट्याला येतं, गुडघ्याला येतं, कमरेला येतं... आणि हॉर्न वाजतो.

चांगली जागा शोधली होती थांबायला.

"काय गो ताय, सभा मोरली?"

काळुरामशेठ बुरुजाच्या कडेने येत होते. पायात पांढरे बूट, गळ्यात सोन्याचा गोफ आणि त्याखाली तुळशीची माळ. बुरुजाला यायची वाट त्यांच्या जमिनीतून होती. वाडवडील मिठागरावर राबले, ह्यांच्या वेळेला त्याच जमिनीवर टॉवर उभे राहिले. पण भजनात पखवाज घेऊन बसले की शेठपण कुठल्या कुठे पळायचं. सुमतीताईंची गोष्ट असली की ते मुलांच्या मागे बसून ऐकायचे, हे ठरलेलं. मीठही तेच आणून द्यायचे.

"मोडली हो शेठ. बसवाल्याला घाई होती."

"नि तू इतंच बसलीस?"

"मग काय करू? गोष्ट संपली."

"संपली कंची? मानसा पान्यान उभी हायेत तुजी. मी पन त्यांच्यासंगती उभा हाय."

सुमतीताईंनी पिशवी जवळ ओढली. हाच विचार त्या टाळत होत्या. घरी जावं, पाय शेकावेत, डोळे मिटून पडावं. मग डोळे मिटल्यावर काय दिसणार आहे तेही त्यांना कळत होतं.

"चल, ऊठ. गारीन बस, येऊरला सोरतंव."

"तिथे जंगलात मी काय तोंड दाखवू? मला कुणी बोलावलंय का?"

"किर्तनकाराला बोलावना लागतंय?" शेठ म्हणाले. "रिकामी जागा बगून उभे ऱ्हातात ते."

काळुरामशेठची गाडी म्हणजे एक खोलीच होती. आत सुमतीताई पिशवी मांडीवर घेऊन अंग चोरून बसल्या. माजिवड्याला सगळा रस्ता तुंबलेला. शेठ पुढच्या टेम्पोवाल्याच्या सात पिढ्या काढत होते आणि मधूनच माळेला हात लावून क्षमा मागत होते.

"एक विचारू, शेठ? तो वाट दाखवणारा गडी. मी तो तसाच सोडून देते. फौज बुरुजावर चढते, गजर होतो, मी मीठ वाटते. कधीतरी एखादं पोर विचारतं, तो वाचला का. कुठल्या कागदात त्याचं नाव नाही, काय सांगणार? मी म्हणते, ठाऊक नाही. इतकी वर्षं ते टोचतंय बघा."

"तो मरल कंचा गो?" शेठ म्हणाले, जणू शेजारच्या घरातल्या माणसाबद्दल बोलत होते. "उदानाची भरती ती. भरतीचा पानी आगरान घ्यायचा आसतंय, नाय घेतला तं पुरचे उदानापरत बसा हात चोलत. तो गेला आसंल कामाला. आमचे घरान असाच बोलतात."

"खरं?"

"मी व्हतू का बगायला? बोलतात."

उपवनचं तळं मागे पडलं. घाट चढून गाडी येऊरच्या गेटशी आली, तेव्हा शाळेची बस तिथे रिकामी उभी होती. शेठनी आपल्या वजनदार आवाजात गेटवर काहीतरी सांगितलं आणि ते स्वतः गाडीपाशीच थांबले. पुढे पायवाट होती, आणि ती चढणीची होती. दोन ठिकाणी सुमतीताई झाडाला टेकल्या. आपण हे काय करतोय, असं एकदा वाटून गेलं. मग तेही वाटायचं थांबलं. चालायला लागल्यावर माणसाला नुसतं चालणंच उरतं.

मुलं एका सुकलेल्या ओढ्याच्या काठी, पालापाचोळ्यात गोल बसली होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले. जंगलाची माहिती देणारा गुणाजी मध्ये उभा होता, ओठांवर बोट. हा त्याच्या पद्धतीचा भाग होता. बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. सुमतीताईंच्या चपलेखाली पान मोडलं तशी त्याने वळून त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

मेघना चवड्यांवर धावत आली. "ताई! तुम्ही? काय झालं?" हे सगळं कुजबुजत.

"गोष्ट संपवायची राहिली."

"अहो, इथे? इथे आवाज चालत नाही. आणि मी सांगितली ना बसमध्ये."

"काय सांगितलीस?"

मेघनाचा चेहरा पडला. "कुणी ऐकेचना. एक म्हणे जेसीबी आणा, एक म्हणे हेलिकॉप्टर. शेवटी भांडणं लागली. मला पण नीट नाही येत हो, ताई."

एव्हाना मुलांचे डोळे उघडलेले होते. ऐकायचं म्हटल्यावर त्यांनी हेही ऐकलंच होतं. गुणाजीने कपाळाला हात लावला आणि मग हळू आवाजात म्हणाला, "बाई, गोष्ट सांगायची तर सांगा. पण ओरडा नको. आत्ताच भेकर येऊन गेलंय इकडे."

कीर्तन आणि तेही कुजबुजत! वडील असते तर हसले असते. सुमतीताई खाली पाचोळ्यात बसल्या. उभं राहायची ताकद नव्हती आणि आवाज चढवायची सोय नव्हती. मुलं सरकत सरकत इतकी जवळ आली की त्यांच्या डोक्यांचा उन्हातला वास येऊ लागला. बुरुजावर कधी कुणी इतकं जवळ बसलं नव्हतं.

"तर पाणी कमरेला आलं होतं," त्या म्हणाल्या.

"छातीला," पुढे बसलेली समृद्धी म्हणाली. "बसमध्ये वाढलं ते."

"बरं, छातीला. माझीच चूक. खूप वेळ उभं केलं मी त्यांना."

मग त्यांनी त्या माणसांना पुढे नेलं. काठी पुढे, हात हातात. एकाचा पाय निसटला, मागच्याने मनगट धरलं. बोलायचं नाही, कारण वर पहारा. मुलांनी आपोआप एकमेकांची मनगटं धरली. घसा बसला होता म्हणून आवाज आणखी खाली जात होता, आणि आवाज खाली गेला तशी मुलं आणखी वाकत होती. बुरुजाचा दगड हाताला लागला. पहिला वर चढला, त्याने दुसऱ्याला ओढून घेतलं, आणि आता गजर. सुमतीताईंनी हात वर केला.

"हर हर महादेव," सगळी मुलं श्वासात म्हणाली. वाऱ्याची झुळूक गेल्यासारखं झालं. गुणाजीही म्हणाला, पण नुसते ओठ हलवून.

झांजा काढायचा मोह त्यांनी आवरला.

"आणि तो काठीवाला?" समृद्धीने विचारलं. "तो चढला का?"

"तो नाही चढला. भरती भरली होती ना. मिठागरात पाणी घ्यायचं होतं. नाहीतर पुढच्या उधाणापर्यंत मीठ नाही. तो आपल्या कामाला गेला. असं त्याच्याकडच्या घरांमध्ये म्हणतात. कागदात नाही हे."

"लढाई टाकून?"

"त्याचं काम झालं होतं, बाळा."

मुलीने शेजारचीचं मनगट सोडलं. "दमला असेल," ती म्हणाली.

"हो. फार."

सुमतीताईंनी पिशवीतून डबी काढली तसा गुणाजी पुढे आला. "खायचं काही काढू नका हां, माकडं येतील."

"मीठ आहे."

"मग चालेल," तो म्हणाला आणि आधी स्वतःचाच हात पुढे केला.

चिमूट चिमूट करत डबी फिरली. मुलांनी तोंडं वाकडी केली, पण आवाज कुणी केला नाही. मेघनानेही मीठ चाटलं. "पुढच्या वर्षी मी बोलून बघते, ताई," ती म्हणाली. सुमतीताईंनी मान हलवली. ते होणार नाही हे दोघींनाही ठाऊक होतं, आणि आता त्याचं काही वाटतही नव्हतं.

मुलं ओळीने उतरणीला लागली. सुमतीताई तिथेच झाडाला पाठ लावून बसल्या. डबीच्या कोपऱ्यात थोडं मीठ उरलं होतं. ते त्यांनी काळुरामशेठसाठी झाकून ठेवलं. खाली गेटशी ते अजून थांबले असणार, छातीइतक्या पाण्यात. मग झाडाच्या बुंध्याला धरून त्या उठल्या आणि हळूहळू त्यांच्याकडे उतरू लागल्या.