एक पाहुणा, दोन पानं

ताईच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गल्लीतले दुकानदार कामधंदा सोडून तिच्या लॅपटॉपभोवती जमले होते आणि मधोमध डोळे मिटून बसले होते वेबसाइटींवर 'उपाय' करणारे साइटबाबा.

ताई बूट बनवते, एक पाय आखूड असलेल्यांसाठी, एका बाजूला जाड तळव्याचे. तिची वेबसाइट उघडणाऱ्या शंभरातले ऐंशी जण दुसरं पानही न बघता पाठ फिरवत. यालाच म्हणतात बाउन्स रेट.

"साइटभोवती नकारात्मक लहरी होत्या," बाबा म्हणाले. "काल मी त्या शोषून घेतल्या. आज आकडा किती?"

"तीन!" ताई ओरडली. "ऐंशीवरून तीन!"

टाळ्या पडल्या. कुणी तर लॅपटॉपला हात जोडले.

"उद्यापासून दुकान बंद," ताईने जाहीर केलं. "जागा सोडते. सगळं साइटवरच विकणार."

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. "ताई, ऑर्डरी किती वाढल्या?"

"अजून एकही नाही. पण येतील गं!"

"लहरींना वेळ द्या," बाबांनी मला दटावलं. माझं डोकंच फिरलं.

मी मोबाइलवर साइट उघडली आणि लगेच बंद केली. "मी आल्या पावली परत गेले. आता बघा."

लॅपटॉपवर नवी ओळ उमटली: एक पाहुणा, दोन पानं पाहिली.

"पण तू तर एकच उघडलंस!" शेजारचा घड्याळवाला म्हणाला.

मी साइटचा कोड उघडला. पानं मोजणाऱ्या ओळी तिथे एकदाच हव्यात. बाबांनी त्याच खाली पुन्हा चिकटवल्या होत्या. म्हणजे दारातून परतणाराही दोन पानं पाहून गेला अशी नोंद. माणसं जातच होती, फक्त दिसेनाशी झाली होती.

"ही माझी गुप्त विद्या आहे," बाबा पुटपुटले.

"हिला कॉपी-पेस्ट म्हणतात, बाबा. शाळेतली पोरंही करतात."

बाकावर माप द्यायला आलेल्या एक आजी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मीही उघडली होती गं ती साइट. नुसतं पांढरंच दिसत राहिलं. म्हणून लंगडत चालत आले."

ताईने त्यांचा मोबाइल घेतला. वरचा भलामोठा फोटो येईपर्यंत पडदा कोराच राहत होता. ताईचा चेहरा उतरला. "आजी, तुम्ही उद्या आल्या असतात तर?"

"कुलूप बघून गेले असते परत."

"दुकान बंद नाही करत," ताई म्हणाली. बाबा कधी सटकले, कुणाला कळलंच नाही. मी फोटो लहान केला, तसं पान चटकन उघडलं.

तेव्हा मंडळी, आकडा अचानक खाली आला तर हात जोडू नका. कसा मोजला ते विचारा. आणि जो परत गेला, त्याला जाऊन विचारा, का गेलास?