बोटांनी झिजलेली भिवंडी

मी एक जुना नकाशा आहे आणि कोणी काहीही म्हणो, मी चुकीचा नाही. मित्रांनो, सत्तर वर्षांपूर्वी भूमापक मंडळी उन्हातान्हात टेकड्या चढली, ओढे ओलांडले, तेव्हा कुठे मी कागदावर उतरलो. माझ्या अंगावरच्या तपकिरी समोच्च रेषा बघा. एकही रेष कोणी बसल्या जागी ओढलेली नाही.

भिवंडीच्या एका शाळेत मला टांगलं. कागद विरू लागला तेव्हा शाळेशेजारच्या मुनीरचाचांनी आपल्या लूमवरचं, म्हणजे यंत्रमागावरचं, कापड दिलं आणि भूगोलाच्या चिंतामणी सरांनी ते खळीने माझ्या पाठीला चिकटवलं. सरांची एक रीत होती. पाचवीत आलेल्या प्रत्येक मुलाने आपलं घर जिथे, तिथे बोट ठेवायचं. सर निवृत्त झाले तरी ती मोडली नाही. शाईची, चिंचेने चिकट झालेली, किती बोटं सोसली मी! शेवटी भिवंडीच्या जागी भोक पडलं. शेजारच्या टेकडीला मात्र कोणी हात लावत नसे, तिथे कोणाचं घरच नव्हतं.

यंदा निवेदिता मॅडम मुख्याध्यापिका म्हणून आल्या. वर्गात मोठा डिजिटल पडदा लागला. मला निरखून त्या म्हणाल्या, "यात भिवंडीच नाही! आणि ही टेकडी? बाहेर तर नुसती गोदामं आहेत. मुलं चुकीचं शिकतील. रद्दीत काढा हा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. टेकडी फोडली माणसांनी, तिची खडी केली माणसांनी, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी! मला तोंड असतं तर ऐकवलंच असतं.

तोंड होतं पाचवीतल्या अफीफाला, मुनीरचाचांच्या नातीला.

"मॅडम, टेकडी होती ना! माझी दादी तिथे बकऱ्या न्यायची. झूठ वाटत असेल तर तिलाच विचारा." मग तिने भोकात बोट घातलं. "आणि भिवंडी कुठे गेली? हे कापड बघा, आमच्या दादाजानच्या लूमचं. भिवंडीचंच तर आहे!"

मॅडमनी वाकून भोकातलं कापड बोटाने चाचपलं. मग म्हणाल्या, "उद्या दादीला घेऊन ये."

दादी आली. चष्मा सावरत तिने टेकडीवर बोट ठेवलं. "हितं. हितं माझ्या बकऱ्या चरायच्या." टेकडीला लागलेलं ते पहिलं बोट.

मॅडमनी रद्दीचं नाव पुन्हा काढलं नाही; मी अजून खिळ्यावर आहे, पडद्याच्या शेजारी. मित्रांनो, मला काचेत घालू नका. जपायच्याच असतील तर बाहेर उरलेल्या टेकड्या जपा. माझ्यावर खुशाल बोटं ठेवा, झिजायला मी तयार आहे. पण टेकडी खोडायला कोणी रबर घेऊन आलं, तर याद राखा. माझ्या पाठीला भिवंडीचं कापड आहे.