कथलाची झाळ

दोन महिने मी ज्योतीला भीत होते. सोनाराच्या मुलीने, स्वतः पंधरा वर्षं या पाटावर बसलेल्या बाईने हे कबूल करणं म्हणजे सुगरणीने चुलीला भिण्यातला प्रकार. पण शेजारच्या शिंपीणबाईंची बांगडी माझ्याच हातून गेली होती. चीर सांधायला ज्योत लावली आणि सोनं लाल व्हायच्या आत जुन्या सांध्याजवळ भोकं पडत गेली, वाळवी लागल्यासारखी. "आच जास्त झाली, चूक माझी," असं मीच त्यांना सांगितलं आणि नवी बांगडी घडवून दिली. बाबा शेजारीच बसले होते. एरवी कानस वाकडी फिरली तरी बोलणारा माणूस, पण त्या दिवशी चकार शब्द बोलला नाही. मला वाटलं, आता मी रागवायच्याही लायकीची उरले नाही.

तेव्हापासून मी ताकही फुंकून प्यायला लागले. ज्योत बारीक ठेवायची, अजून बारीक करायची. मग सांधा जोडणारी झाळ वितळायचीच नाही. दुरुस्तीची कामं आपोआप बाबांकडे सरकली. ते ती मागच्या खोलीत नेऊन करायचे. "इथे वारा लागतो," म्हणायचे.

आज सकाळी शाळेच्या बाई सोन्याची साखळी घेऊन आल्या. कडीजवळ तुटली होती. "दुपारीच हवी. लेकीकडे निघालेय." बाबा मागे होते. म्हटलं, निदान सांधा तरी खरवडून ठेवू. सुरीचं टोक लावलं तर ते लोण्यात शिरावं तसं आत गेलं. वर पिवळा मुलामा होता, आणि खाली करडं काहीतरी.

कथील!

"ही आधी कोणी सांधली होती?"

"असं काय विचारतेस? तुझ्याच बाबांनी. मागच्या वर्षी."

त्यांना दुपारी या म्हटलं आणि पाटावर नुसती बसून राहिले. कथलाच्या झाळेत शिसं असतं. तिला ज्योत लागली की ते शेजारचं सोनं खातं, चाळणी होते दागिन्याची. बाबांनी मला शिकवलेला हा पहिला धडा. मी लहानपणी खेळता खेळता कथलाचा तुकडा कोळशाजवळ ठेवला होता, तर चिमट्याने हातावर मारलं होतं. आणि शिंपीणबाईंच्या बांगडीचा तो जुना सांधा? तोही बाबांचाच होता. तळपायाची आग मस्तकात गेली.

मागच्या खोलीत बाबा रेडिओ दुरुस्तीवाले कथील लावायला वापरतात तसली तापती सळई हातात धरून एका अंगठीवर वाकले होते. मी साखळी त्यांच्यापुढे टाकली. त्यांनी नुसता अंगठा फिरवला आणि ओळखली.

"ज्योत दोन-दोन दिसते गं," ते म्हणाले. "खरी कुठली ते कळत नाही. या सळईने भाजलं तर माझं बोटच भाजतं, दागिना नाही."

"मग सांगायचं होतं!"

"सांगितलं असतं तर काम काढून घेतलं असतंस."

"घेतलंच असतं! दोन महिने मी माझ्या हाताला शिव्या घालतेय, आणि तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात?"

"तुझ्यापुढे अजून तीस वर्षं आहेत," ते हळूच म्हणाले. "वाटलं, तू सावरशील. माझ्याकडे एवढंच उरलं होतं."

रडूही येत होतं आणि काहीतरी फेकावंसंही वाटत होतं.

"बाहेर चला," मी म्हटलं. "हे कथील खरवडा. सगळं."

"मला दिसत नाही."

"बोटांना कळतं ना? कळेपर्यंत खरवडा."

अर्ध्या तासाने त्यांनी साखळी दिली. भिंगातून पाहिलं, करड्याचा कणही उरला नव्हता. झाळ नीट पसरावी म्हणून सांध्याला टाकणखार लावला, सोन्याच्या झाळेचा तुकडा ठेवला, ज्योत पूर्ण मोठी केली. झाळ लकाकली आणि क्षणात सांध्यात धावली. इतका आनंद झाला की मला स्वतःचीच लाज वाटली. बापाची नजर गेल्याचं आज कळलं, आणि मी एका सांध्यावर खूश होते.

"शिंपीणबाईंना सांगणार का तू?" बाबांनी विचारलं.

"मी कशाला? तुम्ही सांगा."

ते बराच वेळ चपला चाचपत राहिले, मग गेले. मधली भिंत पातळ आहे. शिवणयंत्र थांबलं.

"बांगडी माझ्यामुळे गेली," बाबांचा आवाज आला. "मी कथील लावलं होतं. पोरीची काही चूक नाही. तिच्यासारखा हात माझाही नव्हता कधी."

पंधरा वर्षांत हे मला एकदाही सांगितलं नव्हतं. सांगितलं तेही शेजारणीला. माझा राग अजून गेलेला नाही. पण मी फुरफुरणारी ज्योत बंद केली, म्हणजे पुढचं नीट ऐकू येईल.