उजवीकडची पट्टी

कोशकाकांनी आधी दाराकडे पाहिलं, मग शेजारच्या टेबलाकडे, आणि मगच ‘मुदत’ या शब्दावर माउसचं उजवं बटण दाबलं. पडद्याच्या कडेला एक पट्टी सरकत आली. मुदत : ठरवून दिलेला काळ, अवधी. काकांनी ते दोनदा वाचलं आणि परीक्षेत पोरगं चिठ्ठी गिळतं तशी ती पट्टी मिटून टाकली.

कोशकाका हे नाव त्यांना पाणीपुरवठा कार्यालयानं दिलं होतं. खरं नाव हजेरीपटावर उरलं होतं तेवढंच. पत्रव्यवहार शाखेतून बाहेर पडणारं प्रत्येक पत्र त्यांच्या हातचं. पाणी जोडायचं असो की तोडायचं, ग्राहकाला कळेल तर खरं, पण कार्यालय मात्र कशातच अडकणार नाही, असं वाक्य लिहिणं ही एक कला आहे आणि काकांना ती साधली होती. शब्द अडला तर कपाटातला कोश काढायला कुणी उठत नसे. बसल्या जागेवरून हाक मारायची.

“कोशकाका, प्रलंबित म्हणजे काय हो?”

“तुझं काम,” काका मान वर न करता सांगायचे.

पुढे संगणकात टायपिंगचा नवा प्रोग्राम आला. त्यात शब्दाचा अर्थ सांगणारी ही पट्टी होती. “यंत्राला कशाला विचारता?” काका तेव्हा म्हणाले होते. “मी काय मेलोय?”

आता त्यांचे शब्द हरवू लागले होते, असंही म्हणता येत नव्हतं. हरवले असते तर बरं झालं असतं. शब्द यायचे, बोटांतून उतरायचे, वाक्यात जागच्या जागी बसायचे. अर्थ तेवढा मागे राहायचा. समारंभात एखादा गृहस्थ हसत हसत “ओळखलंत का?” म्हणतो, चेहरा चांगला ओळखीचा असतो, पण कोण, कुणाकडचा, ते काही केल्या लागत नाही, तसं. मग पट्टी उघडायची. पट्टीचीही एक तऱ्हा होती. ‘विषण्ण’ पाहिलं तर ती ‘खिन्न’कडे पाठवी, ‘खिन्न’ पाहिलं तर ‘उदास’कडे, आणि ‘उदास’ परत ‘विषण्ण’च्या दारात आणून सोडी. हे टेबल नाही, पलीकडचं टेबल. कोश रचणाऱ्यानं आयुष्यात कधीतरी कार्यालयीन सेवा केलेली असावी.

“डॉक्टरांना दाखवू या ना,” बायको रोज म्हणायची.

“निवृत्तीनंतर. वर्षभरासाठी कशाला तमाशा?”

“डोकं थांबणार आहे का तुमच्यासाठी वर्षभर?”

“का? मी नाही का साहेब लोकांसाठी थांबलो?”

एरवी ती हसली असती. काकांना फार काही नको होतं. या कार्यालयात ते कोशकाका म्हणून बसले होते, कोशकाका म्हणूनच उठायचं होतं. लोकांनी मागे “बिचारे” म्हणू नये, बस.

शेजारच्या टेबलावर टायपिस्ट बाई बसत. एकदा पाणी प्यायला जाताना त्या काकांच्या मागून गेल्या आणि पट्टी मिटायला काकांना क्षणभर उशीर झाला. त्या पट्टीत लिहिलं होतं, नळ : पाणी सोडण्याचे व बंद करण्याचे साधन.

बाई पाणी न पिताच परत आल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना शंका येऊ लागल्या. काकांकडे यायचा तो कागद आधी त्या चाळत आणि मोठ्यानं विचारत, “काका, थकबाकी म्हणजे भरायचं राहून गेलेलं, हो ना?” “काका, हरकत घेणं म्हणजे ‘हे मला मान्य नाही’ असं कळवणं, असंच ना?” आजवर या दालनात प्रश्न यायचे ते रिकाम्या हातानं. हे प्रश्न डबा घेऊन येत होते.

“बरोबर,” काका म्हणत. थोडे दिवस त्यांना बरं वाटलं. मग एका दुपारी त्यांच्या लक्षात आलं.

“बाई, अलीकडे फार शंका येतात तुम्हाला.”

“वय झालं, काका,” काकांच्या मुलीच्या वयाच्या बाई म्हणाल्या.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पण त्या दिवसापासून ते बाईंच्या टेबलाकडे न बघता पट्टी उघडू लागले.

बाई रजेवर होत्या त्या दिवशी इंटरनेटही बंद पडलं. पट्टी उघडायची, आत एक चक्र गरगरत राहायचं. समोर अर्ज होता : नळजोड आईच्या नावावर आहे, आई वारली, माझं नाव लावावं. काकांनी थोडी वाट पाहिली. मग इतक्या वर्षांच्या सवयीवर भिस्त ठेवून उत्तर लिहिलं : ‘दिवंगत ग्राहकाने मूळ कागदपत्रांसह कार्यालयात स्वतः उपस्थित राहावे.’ वाक्याला वजन होतं, डौल होता. साहेबांनी न वाचता सही केली. काकांचा मसुदा वाचून बघणं हा त्यांचा अपमान समजला जाई.

पुढच्या आठवड्यात ते पत्र हातात घेऊन एक माणूस आला. साहेबांनी ते वाचलं आणि पोट धरून हसले. दालनही हसलं. “अहो, आमच्याकडे असं चालायचंच!” साहेब म्हणाले. “कोशकाका, ह्यांचं जरा बघा.” कार्यालयाच्या लौकिकाला ते पत्र इतकं शोभून दिसत होतं, की चूक कुणाची हा प्रश्न कुणालाच पडला नाही. हसल्या नाहीत त्या फक्त बाई.

तो माणूस काकांच्या टेबलापाशी आला. चिडलेला नव्हता. दमलेला होता.

“काका, हे कुणी लिहिलं?”

काकांनी पत्र वाचलं. ‘दिवंगत’वर त्यांचं बोट थांबलं. पट्टी आज चालू होती; पण समोरच्याचा चेहरा बघितल्यावर तिची गरज उरली नाही.

“मी.”

“नाही, सहज विचारलं.” माणसानं पत्राची घडी सरळ केली. “आई येऊ शकली असती ना, तर मी तिला पाठीवर घालून आणली असती इथं.”

काका उठून उभे राहिले. “चूक माझी आहे,” ते म्हणाले. “कार्यालयाची नाही, नियमाची नाही. माझी. बसा तुम्ही. मी आत्ता दुरुस्त करून देतो.”

हे वाक्य त्या इमारतीत याआधी कुणी ऐकलेलं नव्हतं. नवं पत्र बाईंनी वाचून पाहिलं, साहेबांनीही पाहिलं, आणि तो माणूस ते घेऊन गेला.

काकांनी कोरं पान उघडलं. वर साहेबांचा हुद्दा लिहिला. ‘प्रकृतीच्या कारणास्तव मला ऐच्छिक निवृत्ती मिळावी,’ असं लिहून ते थांबले. माउस शब्दावर गेला. बोट उजव्या बटणावर टेकलं आणि तसंच राहिलं. मग त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला.

“बाई,” सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, “ऐच्छिक म्हणजे काय हो?”

कोपऱ्यातून कुणीतरी हसलं आणि काकांच्या पुढच्या वाक्याची वाट पाहू लागलं. ते वाक्य आलं नाही. काका बाईंकडे बघत होते, आणि खरंच बघत होते.

बाईंनी काकांच्या पडद्यावरचा अर्ज वाचला. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“आपल्या मर्जीनं, काका,” त्या म्हणाल्या. “कुणी भाग पाडलं नसताना.”

काकांनी तो शब्द थोडा वेळ न्याहाळला.

“मग बरोबर आहे,” ते म्हणाले, आणि पुढची ओळ लिहू लागले.

बाईंचे हात कळांवर तसेच राहिले. बराच वेळ त्या दालनात एकाच कीबोर्डचा आवाज येत होता.