चपलांच्या कपाटातलं औषध

या, अशा जवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगते. किळस आलीच, तर ती रोगाची यायची नाही, माणसांची येईल.

माझ्या धाकट्या जावेला अंडाशयाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, मग डॉक्टरांनी रोज घ्यायच्या गोळ्या दिल्या. म्हणाले, "या नेमक्या कॅन्सरच्या पेशींवरच वार करतात. खाडा करू नका, कोरड्या जागी ठेवा."

आमच्या नणंदबाईंनी त्या ठेवल्या चपलांच्या कपाटात! "असल्या जागेच्या रोगाचं औषध स्वयंपाकघरात नको बाई."

जाऊ मुकाट्यानं ओल्या बुटांमागून डबी काढायची. एका सकाळी उघडली, तर गोळ्या ओलावून एकमेकींना चिकटलेल्या, त्यांना मोज्यांचा कुबट वास. नवी डबी मिळेपर्यंत तिचं औषध बंद राहिलं.

त्याच संध्याकाळी नणंदबाई दयेवरचं प्रवचन ऐकून डोळे पुसत आल्या. "देव तिचं भलं करो गं!"

"करेल की, वन्सं," मी म्हणाले, "तुम्ही मध्ये पडला नाहीत तर."

नवी डबी आली, तेव्हा जावेनं ती जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवली.

"ही आता इथेच राहील. कुणाला किळस वाटत असेल, तर त्यानं आपलं ताट घेऊन उठावं."

नणंदबाई उठल्या. कुणीही त्यांना थांबवलं नाही. जावेनं आमच्यादेखत गोळी घेतली आणि भात वाढायला लागली.

तिचे उपचार अजून चालू आहेत. आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा तिची आठवण ठेवा.