मर्टलने मोठ्याने सांगितलेला पत्ता

आमच्या गावात मत द्यायचं तर टेबलासमोर उभं राहून आधी रस्ता, मग घराचा नंबर, मग नाव, सगळं मोठ्याने सांगावं लागतं. टेबलामागे बसलेली मर्टल तेच पुन्हा खणखणीत आवाजात म्हणते आणि यादीवर रेघ मारते. मेलेल्या माणसाच्या नावावर कोणी मत टाकू नये, टाकलंच तर रांगेतल्या शेजाऱ्यांच्या कानावर जावं, म्हणून ही पद्धत. मर्टलचा नवरा गेला त्या वर्षी त्याच्या नावावर तिने स्वतः काट मारली आणि पुढचं नाव पुकारलं. अशी बाई.

माझी धाकटी बहीण ओडील नवऱ्याला, रॉइसला, सोडून एका बॅगेनिशी निघाली, तेव्हा ती लांबच्या एका शहरात राहिली आणि तिथे तिने मतदार म्हणून नाव नोंदवलं. नोंदवू नये असं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. त्या वेळी मतदारयादी कोणालाही विकत मिळायची, पत्त्यासकट. बर्फ वितळत होता तेव्हा एके सकाळी तिने दार उघडलं, तर पायरीवर तिचे जुने बूट होते, जे ती रॉइसच्या घरी टाकून आली होती. स्वच्छ पुसलेले, शेजारी शेजारी ठेवलेले. माणूस कुठेच नव्हता. ती माझ्याकडे आली ती त्या बुटांमुळे.

पुढे कितीतरी वर्षं तिने मत दिलं नाही. मग राज्यात नवा कायदा करायचं घाटू लागलं. ओडीलसारख्या, कोणाच्या तरी भीतीने लपून राहणाऱ्या माणसांचा पत्ता यादीतून काढायचा, त्याऐवजी राज्याने दिलेलं कार्ड, आणि टेबलावर फक्त ते कार्ड दाखवायचं. आम्ही दोघी राजधानीला सुनावणीला गेलो. तिथल्या एका आमदाराचं म्हणणं पडलं की, पत्ता नसलेला मतदार म्हणजे भूतच, निवडणुकीत भुतं घुसली तर काय करायचं?

ओडील उठून म्हणाली, "भूत माझ्या मागे आहे, साहेब. मी जिवंत आहे."

कायदा झाला. पहिली काही वर्षं ती टपालाने मत देत होती. गेल्या नोव्हेंबरात म्हणाली, मला रांगेत उभं राहायचंय, सगळ्यांसारखं. मलाही बरं वाटलं. हॉलच्या दारात बायका ॲपल पाय विकत होत्या. ओडीलने लाल कोट घातला होता आणि ती ओळखीच्यांशी हसत होती. भिंतीलगतच्या बाकावर निरीक्षक बसले होते. त्यांतला एक बाहेरगावचा मुलगा मोबाइल धरून सगळं टिपत होता. आमच्याकडे निवडणूक कशी उघडपणे होते ते लोकांना दाखवायचं होतं म्हणे.

ओडीलने कार्ड टेबलावर ठेवलं. नाव सांगितलं. मर्टलने वर पाहिलं, ओळखीचं हसली. ती दर शनिवारी आमच्याकडे अंडी घेऊन येते, ओडीलच्या हातचा चहा पिते. आणि आयुष्यभराच्या सवयीने तिने खणखणीत आवाजात आमचा रस्ता, घराचा नंबर आणि ओडीलचं पूर्ण नाव म्हटलं. यादीत नव्हतं ते सगळं तिला पाठ होतं.

मर्टलचा हात तोंडावर गेला, पण शब्द बाहेर पडले होते. मी त्या मुलाकडे गेले आणि मोबाइल मागितला. तो घाबरला, माझ्यासमोर त्याने सगळं पुसलं. मला त्याचा राग नव्हता, मर्टलचा होता, आणि अजून आहे.

ओडीलने शांतपणे मत दिलं. गाडीत बसल्यावर म्हणाली, "त्याने मोबाइलमधलं पुसलं गं. बाकावरच्यांनी ऐकलं ते कोण पुसणार?"

घरी पोचलो तेव्हा उजेड कमी झाला होता. पायरीवर काहीतरी ठेवलेलं दिसलं. ओडीलने माझा दंड असा धरला की वळ उठले. मी पुढे जाऊन पाहिलं. अंड्यांचा खोका होता. मर्टल कोणाला तरी टेबलावर बसवून आली असणार, आणि आम्हाला तोंड दाखवायची हिंमत न होऊन परत गेली असणार.

"अंडी आहेत, अगं. अंडीच आहेत," मी म्हणाले.

ती मागच्या दाराने घरात गेली आणि बॅग काढली.

कुठे जाणार ते सांगेना. "तुला नाही सांगत, बर्नाडेट. लहानपणापासून झोपेत बरळतेस तू. माझी सगळी गुपितं आईला तुझ्याच तोंडून कळली." त्यावर आम्ही दोघी हसलो, मग रडलो. निघताना मात्र तिने कानात सांगितलं. जगात एका तरी माणसाला माहीत असावं, म्हणाली.

या वर्षीही मर्टल टेबलावर होती. मी माझा रस्ता आणि नाव सांगितलं. तिने ते पुन्हा म्हटलं, पण इतक्या हळू की मागच्याला ऐकू गेलं नाही, आणि कोणी तक्रारही केली नाही. मग तिने विचारलं, ओडील बरी आहे ना? बरी आहे, मी म्हणाले. तिने पुढचं विचारलं नाही.

रॉइस आला का? नाही. अजून तरी नाही. पायरी मी रोज सकाळी पाहते.

ओडीलने या वर्षी मत दिलं, याच राज्यात, कुठेतरी. तिचा रस्ता मला माहीत आहे, दाराचा रंगही. माझा नवरा म्हणतो, हल्ली तू झोपेत फार बोलतेस. काय बोलते ते मी त्याला विचारलेलं नाही. मी आता माळ्यावरच्या खोलीत झोपते, खिडक्या बंद करून.